टाकी केबिनबाहेर काढा, पण जागा बघून!



मृग लागला की हैदराबादेत मासळीला किती उठाव येतो, हे धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. मुशीराबाद-रामनगरच्या बाजारात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. पण त्याआधीचा अख्खा मे महिना मासळीच्या गाड्या तापलेल्या रस्त्यावर धावत असतात, आणि त्यातल्या बऱ्याच जुन्या. म्हणून मृगाच्या आधीच एक विषय काढतोय. तुमच्या गाडीतलं इंधन नेमकं बसलंय कुठे?

जुन्या महिंद्रा सीजे-३बी जीपची टाकी थेट ड्रायव्हरच्या सीटखाली. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचीच ती रचना. मागे हौदा लावून मालवाहू केलेल्या अशा गाड्या अजून कुठे कुठे चालतात. आणि ज्यांची टाकी बाहेर आहे त्यांनी लगेच निश्चिंत होऊ नये. सीटमागे बोटीच्या इंजिनासाठी पेट्रोलचा किंवा डिझेलचा कॅन असतोच ना? मग ती केबिनमधली टाकीच झाली, तीही पट्ट्याशिवायची.

"डिझेल कुठे लगेच पेटतं?" असं म्हणणारे भेटतात. भारतीय मानकाप्रमाणे डिझेलची वाफ ठिणगीने पेटण्याचं तापमान किमान ३५ अंश सेल्सिअस असावं लागतं. मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या बंद केबिनमध्ये पारा त्याच्या कितीतरी वर जातो. पेट्रोलला तर थंडीतही ठिणगी पुरते. त्याची वाफ हवेपेक्षा जड, म्हणून खाली पायाशी साचते. तिथेच ढिली वायर, तिथेच पेटती बिडी. अपघातात दार अडकलं तर पळायलाही वाव नाही.

तेव्हा टाकी बाहेर काढायलाच हवी, यात वाद नाही. पण आमचं खरं म्हणणं पुढे आहे. बाहेर म्हणजे कुठेही नव्हे!

अमेरिकेत जनरल मोटर्सच्या शेवरोले पिकअपची टाकी १९७२ पर्यंत सीटमागे केबिनमध्ये असायची. १९७३ पासून कंपनीने ती बाहेर काढली आणि चासीच्या दांड्यांच्या बाहेरच्या अंगाला बसवली. बाजूने धडक बसली की टाकी फुटायची आणि आग लागायची. माणसं मेली, खटले चालले. शेवटी १९९४ च्या डिसेंबरात कंपनीने सुरक्षेच्या कामांसाठी ५ कोटी डॉलरहून जास्त रक्कम द्यायचं कबूल केलं, पण गाड्या मात्र परत बोलावल्या गेल्या नाहीत. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. एवढ्या मोठ्या कंपनीची जागा चुकते, तर आपल्या नाक्यावरच्या वेल्डरची चुकणार नाही कशावरून?

लांब कशाला जायचं! ३० ऑक्टोबर २०१३ ला पहाटे बंगळुरूहून हैदराबादला येणारी बस महबूबनगर भागात पालेमजवळ पुलाच्या कठड्याला धडकली. डिझेलची टाकी फुटली, बस पेटली आणि ४५ जण गेले. टाकी केबिनमध्ये नव्हती. पण धक्का बसला तो तिलाच.

मग योग्य जागा कोणती? चासीच्या दोन दांड्यांच्या मधे, सायलेन्सरपासून लांब, खाली पत्र्याचं कवच. टाकीला रबर लावलेले पट्टे, हवेची नळी, गाडी उलटली तरी गळणार नाही असा व्हॉल्व्ह, आणि इंधनासाठीच बनलेली नळी. पाण्याची नळी क्लिप मारून चालवू नका, ती आतून फुगते आणि सडते.

आपल्या गाड्यांची आणखी एक गोष्ट इतरांना नाही. बर्फाचं खारट पाणी! हौद्यातून ते चासीवर ठिबकतं आणि पत्रा खातं. खाली बसवलेल्या टाकीवर तेच पाणी पडत राहिलं तर काही वर्षांत तिला भोकं पडणार. म्हणून आधी हौद्याच्या पाण्याला नळी लावून ते टाकीच्या पलीकडे सोडा, मगच टाकी हलवा.

आणि जुनी टाकी "रिकामीच तर आहे" म्हणून तिला वेल्डिंग करू देऊ नका. रिकाम्या टाकीत वाफ असते, आणि भरलेल्या टाकीपेक्षा तीच जास्त घातक.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. आरटीओत आधी लेखी विचारा, विमा कंपनीलाही कळवा. नाहीतर उद्या क्लेमच्या वेळी तेच कारण पुढे करतील.

खर्च होईल, हे मान्य. पण एकट्याने केलं तर महाग आणि धोक्याचं, दहा जणांनी मिळून केलं तर परवडतं. सोसायटीने एक चांगलं गॅरेज ठरवावं, एकच नकाशा ठरवावा, सभासदांना हप्त्याने पैसे द्यावेत. जाळ्यासाठी, बोटीसाठी आपण कर्ज काढतो. ड्रायव्हरच्या जिवासाठी का नाही?

तोपर्यंत एक काम फुकटात होतं. कॅन आजच केबिनमधून काढा, झाकण घट्ट लावा आणि मागे हौद्यात उभा बांधून टाका. मासळीला डिझेलचा वास लागू नये म्हणून पेट्यांपासून लांब. पोरगं घरी वाट बघतंय, एवढं लक्षात ठेवा.