नारळाचं दूध

माझं लहानपण अलिबागच्या इस्राएल आळीत गेलं. आळीतली बरीच घरं तोवर रिकामी झाली होती. १९४८ नंतर एकेक बेने इस्राएल, म्हणजे कोकणातलं यहुदी, कुटुंब इस्रायलला निघून गेलं आणि मागे उरलं ते सिनेगॉग आणि माणसांच्या आठवणी. घाण्यावर तेल काढणारी, पण शनिवारी काम बंद ठेवणारी ही माणसं. म्हणून गाव त्यांना 'शनवार तेली' म्हणायचं. आडनावं मात्र आपलीच: पेणकर, रोहेकर, झिराडकर.

दोन वर्षांपूर्वी इस्रायलमध्ये दिमोनाला गेले. नेगेवच्या वाळवंटातलं गाव, नजर पोचेल तिथवर कोरडं. ज्यांच्याकडे जेवायला होते त्या बेने इस्राएल आजींनी दार उघडताच विचारलं, "यंदा पाऊस झाला का गो?" मला उत्तर सुचेना, डोळेच भरून आले.

ताटात मटणाचा रस्सा होता, नारळाच्या दुधातला. यहुदी धर्मात मांस आणि दूध एकत्र चालत नाही. पण नारळाचं दूध ते दूध थोडंच! कोकणात शेकडो वर्षं राहून त्यांनी धर्मही सांभाळला आणि चवही. कोलंबी, खेकडे, तिसऱ्या मात्र त्यांच्या घरी कधीच शिजल्या नाहीत. मासा हवा तो खवल्यांचाच. जेवणानंतर मलिदा आला: भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची, वर फळं. नवस फेडताना प्रेषित एलियाहू हन्नाबीचं नाव घेऊन करतात तोच.

इस्रायलमध्येही त्यांचं सगळं सरळ झालं नाही. साठच्या दशकात तिथल्या धर्मगुरूंनी त्यांच्या लग्नांबद्दल शंका काढली. बेने इस्राएल रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे १९६४ मध्ये सरकारनं ते पूर्ण यहुदी असल्याचं जाहीर केलं. आजींना ते दिवस आठवले की अजून राग येतो. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक तिथूनच निघायचं, हे त्यांनी अभिमानानं सांगितलं.

निघताना त्यांनी नवगावच्या दफनभूमीचा फोटो मागितला. जहाज फुटून सात जोडपी तिथल्या किनाऱ्याला लागली आणि वाहून आलेल्या मृतांना तिथेच पुरलं, असं त्यांच्यात पिढ्यान् पिढ्या सांगतात. माझ्या घरापासून इतक्या जवळ असून मी तिथे कधी गेले नव्हते.

परतल्यावर पहिल्या रविवारी गेले आणि फोटो पाठवला. अलिबागला याल तेव्हा किल्ला, समुद्र बघाच; पण थोडा वेळ नवगावसाठीही ठेवा.