अंगात येणे आणि आजार

गोंधळात संबळ घुमू लागला की एखाद्या बाईच्या अंगात येते. केस सुटतात, हुंकार उठतो, घरातली माणसे कुंकू लावून पाया पडतात. घटकाभराने ती भानावर येते आणि पदर सावरून पंगतीत वाढायला लागते. तिला मनोरुग्ण ठरवण्याची घाई वैद्यकशास्त्रही करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत अशा संचाराची नोंद आहे. पण समाजमान्य धार्मिक विधीत होणारा संचार तिने आजारातून वगळला आहे. दिवंगत जोडीदाराचा आवाज ऐकू येणे, तो जवळ असल्याचे भासणे हेही असेच. वेल्समध्ये १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत २९३ विधवा-विधुरांपैकी जवळपास निम्म्यांनी असे अनुभव सांगितले होते. त्यातल्या बहुतेकांनी तोवर त्याची कुठे वाच्यता केली नव्हती. लोक वेडे म्हणतील, ही भीती तिकडेही असतेच!

तेव्हा देव खरा की भास, हा वाद दवाखान्यात कामाचा नाही. पाहायचे ते एवढेच, की संचार आवरता येतो का? तो वेळी-अवेळी, मनाविरुद्ध येऊ लागला, कानातले आवाज धमकावू लागले, झोप-जेवण सुटले, घरच्यांवरच संशय येऊ लागला, तर डॉक्टर गाठायला हवा. धडधाकट तरुणी काही दिवसांत असंबद्ध बोलू लागली आणि तिला झटकेही आले, तर मेंदूला सूज असू शकते. शरीराची प्रतिकारशक्ती मेंदूवरच उलटल्याने होणारा असा एक आजार २००७ मध्ये ओळखला गेला. वेळेत उपचार मिळाले तर त्यातून बहुतेक रुग्ण सावरतात. देवऋष्याच्या अंगाऱ्यात गेलेले आठवडे इथे फार महाग पडतात.

तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत २८ मनोरुग्ण होरपळून मेले. दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या तिथल्या केंद्रात त्यांना साखळदंडाने बांधले होते. पळता आले नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, बांधून ठेवणे महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण कायदा घटना घडल्यावर येतो, आणि देवळात जाणाऱ्या रुग्णाला हसणारा डॉक्टर तो रुग्णच गमावतो. गुजरातमध्ये उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात मुजावरांनाच सोबत घेऊन ‘दवा आणि दुवा’ उपक्रम चालवला गेला. दुवा चालू राहते, गोळ्याही मिळतात. आपल्याकडच्या देवस्थानांनी आणि आरोग्य खात्याने हे करून पाहायला हरकत कसली? तोवर १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक देवळांच्या फलकांवर लिहिता येईल.