हजेरीपट, सातासमुद्रापलीकडचा

गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी आम्ही विहारात मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देत बसलो होतो. फोन वाजला. पलीकडे मेहकर तालुक्यातली आमची एक विद्यार्थिनी. आमची म्हणजे, पहिल्या अर्जापासून विमानात बसेपर्यंत तिची फाईल आमच्या काखोटीला होती, एवढ्यापुरतीच आमची. सध्या ती इंग्लंडात एम.एस्सी. करते. एरवी "जयभीम मामा" म्हटल्यावर आधी तिकडच्या पावसाचे सांगते. त्या दिवशी पाऊस नाही, पाणी नाही. एकदम म्हणाली, "मामा, विद्यापीठात तपासणी येणार आहे, व्हिसा खात्याची. मला उद्या पासपोर्ट घेऊन ऑफिसात बोलावलंय. माझं काही चुकलं का?"

तिचे वडील शेजारीच बसले होते. आयुष्य गवंड्याच्या हाताखाली घमेले उचलण्यात गेलेले. तपासणी एवढा एकच शब्द त्यांनी ऐकला आणि आमचा हात धरला. "भाऊ, पोरीले वापस तं नाही धाडत ना?"

वाचकहो, आम्ही कारकून. तपासणी हा शब्द आम्हाला नवा नाही. महाविद्यालयावर विद्यापीठाची स्थानिक चौकशी समिती येणार म्हटले की काय होते हे आपण सारे जाणतो. डेड स्टॉक रजिस्टरवरची धूळ झटकली जाते, वर्षभर कोरा राहिलेला हजेरीपट एका रात्रीत तीन रंगांच्या शाईने भरतो, आणि समितीच्या जेवणात काय ठेवायचे यावर प्राचार्यांची स्वतंत्र बैठक होते. समिती येते, जेवते, जाते. विद्यार्थ्याला त्याची झळ क्वचितच लागते. तिकडची गोष्ट वेगळी आहे, आणि ती आपल्या पालकांना कोणी समजावून सांगत नाही म्हणून आजचा हा लेख.

इंग्लंडात बाहेरच्या देशातला विद्यार्थी घ्यायचा तर विद्यापीठाला तिथल्या गृहखात्याचा परवाना लागतो. परवानाधारक विद्यापीठाला म्हणतात स्पॉन्सर. आपल्या भाषेत, जामीनदार. पतसंस्थेत कर्ज काढताना आपण कोणाला तरी जामीन ठेवतो ना, तसे विद्यापीठ विद्यार्थ्याला जामीन राहते आणि 'कॅस' नावाचे पत्र देते. त्या पत्राच्या जोरावर व्हिसा मिळतो. फरक एवढाच की पतसंस्थेत कर्जदार बुडाला की जामीनदार अडकतो. इथे जामीनदार बुडाला की कर्जदारही बुडतो, मग त्याने हप्ता वेळेवर भरलेला का असेना!

जामीनदाराने काय काय करायचे? प्रत्येक परदेशी विद्यार्थ्याच्या पासपोर्टची व व्हिसाची नोंद ठेवायची. राहण्याचा पत्ता आणि फोन, बदलला की नवा. कोणत्या गुणपत्रिकांवर प्रवेश दिला, इंग्रजी येते हे कशावरून ठरवले, याचा पुरावा. वर्गात येतो की नाही, याची नोंद. आणि विद्यार्थी रुजूच झाला नाही किंवा मध्येच सोडून गेला, तर दहा कामकाजी दिवसांच्या आत गृहखात्याला कळवायचे. अधिकारी कधी कळवून येतात, कधी न कळवता. काही फाईली स्वतः निवडून मागतात, काही विद्यार्थ्यांना बोलावून विचारतात. म्हणून शहाणे विद्यापीठ ते येण्याआधी आपणच आपली तपासणी करून घेते. आमच्या मुलीला बोलावले ते त्यासाठी. तिचे काही चुकले म्हणून नव्हे. हे आम्ही तिच्या वडिलांना दोनदा सांगितले. त्यांनी मान हलवली, पण हात काही सोडला नाही.

याखेरीज दरवर्षी एक हिशोब होतो, आणि बी.कॉम. झालेल्या माणसाला तो फार पटकन कळतो. समजा विद्यापीठाने शंभर जणांना पत्रे दिली. मे २०२५ मध्ये असलेल्या नियमानुसार त्यांपैकी नाकारलेले व्हिसे दहापेक्षा कमी असावे लागत. २०१४ पूर्वी ही मर्यादा वीसची होती. ज्यांना व्हिसा मिळाला त्यांतले शेकडा नव्वद प्रत्यक्ष रुजू व्हावे लागत. आणि शेकडा पंच्याऐंशी जणांनी अभ्यासक्रम पुरा करावा लागे. मे २०२५ मध्ये तिथल्या सरकारने श्वेतपत्रिका काढून हे तिन्ही आकडे पाच-पाच टक्क्यांनी आवळण्याचे आणि विद्यापीठांना लाल, पिवळा, हिरवा असे शेरे देण्याचे जाहीर केले. म्हणजे शंभरात पाच नकार झाले तरी विद्यापीठाच्या पोटात गोळा. असा आकडा डोक्यावर असला की विद्यापीठ काय करते? ज्या प्रदेशातून, ज्या तऱ्हेच्या घरांतून कागद अर्धवट येतात, त्यांना पत्र देतानाच हात आखडता घेते. कायद्यात असे कुठेही लिहिलेले नाही. पण हिशोबाला चेहरा नसतो, आणि बिनचेहऱ्याच्या हिशोबात पहिला बळी कोणाचा जातो हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

हे नुसते भय नाही. ऑगस्ट २०१२ च्या अखेरीस लंडन मेट्रोपॉलिटन विद्यापीठाचा परवाना काढून घेतला गेला. नाव विद्यापीठाचे, गल्लीतला कोचिंग क्लास नव्हे. गृहखात्याच्या म्हणण्यानुसार, तपासलेल्या १०१ विद्यार्थ्यांपैकी पाव भागाहून अधिक जणांकडे देशात राहण्याची परवानगीच नव्हती. ५० फाईलींपैकी २० मध्ये इंग्रजीचा नीट पुरावा नव्हता. हजेरीच्या २५० नोंदींपैकी १४२ मध्ये घोळ होता. विद्यापीठाने हे सारे नाकारले, कोर्टात गेले. पण दोन हजारांहून अधिक परदेशी मुलांच्या पायाखालची जमीन सरकली ती सरकलीच. साठ दिवसांत दुसरा जामीनदार शोधा, नाहीतर देश सोडा, असा तो फतवा होता. सप्टेंबरात उच्च न्यायालयाने खऱ्या विद्यार्थ्यांना ते वर्ष पुरे करण्याची सवलत मिळवून दिली. एप्रिल २०१३ मध्ये विद्यापीठाला परवाना परत मिळाला. जी मुले त्या आठ महिन्यांत आपापल्या देशात परतली, त्यांचे वर्ष कोणी परत दिल्याचे आमच्या वाचनात नाही.

इथे आम्हाला बाबासाहेबांचा लंडनचा काळ आठवतो. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली त्यांना अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. पण लंडन विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येऊन पुढे शिकण्याची मुभा दिली होती. १९२० साली ते परत गेले, १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. पदरात पाडून घेतली. आजच्या नियमांत बसवून पाहा. शिष्यवृत्ती थांबली, विद्यार्थी परतला. दहा दिवसांत कळवाकळवी, व्हिसा रद्द, आणि विद्यापीठाच्या खात्यावर 'अभ्यासक्रम अपूर्ण' असा एक बट्टा. पुन्हा जायचे तर पहिल्यापासून अर्ज, नवे पत्र, नवा व्हिसा.

आणि शिष्यवृत्ती वेळेवर येणे हेच तर आपले जुने दुखणे. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्धांतल्या ७५ मुलांना दरसाल मिळते. विद्यापीठाची फी सरकार भरते, राहण्याचा खर्च देते. मोठी सोय आहे, ती ज्यांनी भांडून मिळवली त्यांचे ऋण आम्ही मानतो. ज्याच्यामागे असा सरकारी आधार नाही त्याला बँकेत ठरलेली रक्कम सलग २८ दिवस ठेवून दाखवावी लागते. आपल्या मुलांना ती ठेवायला सांगणे म्हणजे चेष्टाच. सरकारचे पत्र हेच त्यांचे बँकबुक. पत्रात विद्यार्थ्याचे नाव, तारीख, मुदत आणि सर्व खर्च देणार असल्याचे वाक्य हवे. आमच्या या मुलीचे तसले पत्र एका कचेरीत सव्वीस दिवस पडून होते. कारण विचारले तर टेबलावरचे साहेब रजेवर. आम्ही स्वतः कारकून असल्याने टेबल बदलत नाही तोवर फाईल हलत नाही हे जाणतो, म्हणून रागावलो नाही. रोज जाऊन बसलो. रुजू होण्याची अखेरची तारीख दोन दिवसांवर असताना ती तिथे पोचली. न पोचती तर तिची जागा गेलीच असती, वर त्या विद्यापीठाच्या रुजू होणाऱ्यांच्या हिशोबात बुलढाणा जिल्ह्याचा एक गैरहजर लागला असता. इथल्या टेबलावरच्या रजेचा शेरा तिकडच्या हजेरीपटावर उमटतो, तो असा.

न्यायाने बोलायचे तर असा हजेरीपट आपल्याकडेही आहे. पुण्यात शिकणाऱ्या परदेशी मुलांची माहिती संस्थांना नोंदणी अधिकाऱ्याकडे द्यावीच लागते, आणि सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या परकीय नागरिक कायद्यातही ते कलम आहे. ती मुलेही कोणाच्या तरी घरची आहेत.

तर सोमवारी आमची मुलगी ऑफिसात गेली. पासपोर्ट दाखवला. व्हिसा आता संगणकावर असतो, २०२४ च्या अखेरीस हातातली कार्डे बंद झाली. त्याचा सांकेतिक आकडा काढून दिला. तासिकांची हजेरी चोख निघाली. आठवड्याला वीस तासांच्या वर काम करत नाही ना, हेही विचारले म्हणे. दोनच खोट्या निघाल्या. एक, तिने डिसेंबरात स्वस्त खोली मिळाली म्हणून घर बदलले होते आणि विद्यापीठाला कळवलेच नव्हते. "मामा, कोणी विचारलंच नाही," ती म्हणाली. आम्ही रागावलो. गावात घर बदलले तर ग्रामपंचायतीला कळायच्या आधी चावडीला कळते, तिथे चावडी नाही! दुसरी खोट जुनी. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, आणि आडनावही राजपत्रात बदलून घेतलेले. राजपत्राची प्रत फाईलला नव्हती. ती इथे, तिच्या घरच्या ट्रंकेत होती. आम्ही त्याच संध्याकाळी मागवून फोटो पाठवला. आपल्या वस्तीत आडनावे बदललेली घरे पुष्कळ. त्यांनी हे ध्यानात धरावे. राजपत्र ट्रंकेत नको, मुलाबरोबर पाठवा.

लोणार तालुक्यातल्या पिंप्री खंडारे गावचे राजू केंद्रे २०२१ साली चेव्हनिंग शिष्यवृत्ती घेऊन लंडनच्या सोआसमध्ये शिकायला गेले, तेव्हापासून आमच्याकडे विचारायला येणारी मुले वाढली आहेत. यंदा तीन अर्ज आहेत. येणाऱ्या मुलांनी गुणपत्रिका, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि नाव बदलले असल्यास राजपत्र, सारे मूळ कागद आणावेत. रविवारी दुपारी दोनपासून आम्ही विहारातच असतो.

मुलीने गुरुवारी निरोप पाठवला, पत्ता नोंदला गेला, फाईल पुरी झाली. तिच्या वडिलांनी तो नवा पत्ता आमच्याकडून एका चिठ्ठीवर मराठीत लिहून घेतला. घर क्रमांक, रस्ता, गाव, सगळे. दोनदा वाचायला लावले आणि चिठ्ठी घडी करून बंडीच्या खिशात ठेवली.