गाडी विजेची, हिशेब कुणाचा?

विजेची मोटार किलोमीटरमागे एक-दीड रुपयात पळते, असे हल्ली सगळीकडे ऐकू येते. आकडा खोटा नाही, पण अर्धा आहे. शिक्षकी पेशामुळे कोणताही आकडा फळ्यावर मांडून पाहायची मला सवय आहे. चला, मांडू या.

पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि शहरातली सरासरी १५ किलोमीटर धरली, तर किलोमीटरला सुमारे ७ रुपये पडतात. विजेची लहान मोटार, चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरून, मीटरच्या एका युनिटमध्ये साधारण ६ किलोमीटर जाते. घरच्या विजेचा सगळे आकार धरून १२ रुपये युनिट पडला, तर किलोमीटरला २ रुपये. रस्त्यावरच्या फास्ट चार्जरला युनिटमागे २४ रुपये मोजले, तर ४ रुपये. म्हणजे घरी चार्ज केली तर बचत ५ रुपये, बाहेर केली तर ३.

घरच्या दरातही एक मेख आहे. महिन्याला हजार किलोमीटर गाडी चालवली की बिलात १६५ युनिट वाढतात. आधी २५० युनिट येत असतील तर आकडा ४१५ वर जातो आणि ३०० च्या पुढच्या युनिटना वरच्या टप्प्याचा दर लागतो.

आता खरेदी. विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के, लहान पेट्रोल गाडीवर सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के. तरीही तशाच आकाराची विजेची गाडी महागच असते. फरक ४ लाख धरू. किलोमीटरला ५ रुपये वाचले, तर ४ लाख भरून यायला ८० हजार किलोमीटर फिरावे लागेल. माझ्यासारखा मास्तर महिन्याला ५०० किलोमीटर फिरतो. त्याला तेरा वर्षे लागतील. बॅटरीची हमी बहुतेक ठिकाणी आठच वर्षांची असते. वरची रक्कम कर्जाने उचलली, तर व्याज वेगळेच.

हाच हिशेब टॅक्सीवाल्याचा करा. रोज १०० किलोमीटर, वर्षाला ३०० दिवस. त्याचे पैसे पावणेतीन वर्षांत वसूल होतात. ऑईल, फिल्टर, क्लचचा खर्च वाचतो तो वेगळा. म्हणजे ही गाडी खरी फायद्याची आहे ती पोटासाठी गाडी चालवणाऱ्याला.

पण तो राहतो कुठे? दाट मोहल्ल्यात, भाड्याच्या खोलीत, गल्लीत गाडी लावून. स्वतःची पार्किंग नाही, मीटर घरमालकाच्या नावावर. त्याला फास्ट चार्जरवरच जावे लागते, आणि वसुली साडेचार वर्षांवर जाते. शिवाय रांगेत गेलेला वेळ म्हणजे बुडालेले भाडे. बंगल्यात राहणारा कमी फिरतो आणि २ रुपयांत फिरतो. दिवसभर राबणारा ४ रुपये मोजतो.

सवलती गाडीच्या किमतीवर मिळतात, टोलमाफीही जाहीर झाली आहे. माझे म्हणणे असे की, पुढचा पैसा वस्तीतल्या प्लगवर खर्च व्हावा. नगरपालिकेने वाहनतळांवर साधे, संथ चार्जर बसवावेत. रात्रभरात त्यातून सव्वाशे किलोमीटरची वीज मिळते. आपणही सरकारची वाट का पाहावी? शाळा आणि जमातखान्यांची आवारे रात्री रिकामीच असतात. स्वतंत्र मीटर घेऊन, नियमाप्रमाणे, तिथे दोन-चार पॉइंट बसवता येतील. मोहल्ल्यातल्या चार रिक्षा-टॅक्सीवाल्यांच्या घरात त्यामुळे महिन्याला काही हजार रुपये जास्त आले, तर मुलांच्या फीची चिंता कमी होईल. कमिटीच्या पुढच्या बैठकीत हा विषय जरूर मांडा.