पातेलं एकच चढू द्या

"सैंधव घाला की, बीपीवाल्यांना ते चालतं." रविवारी जेवायला आलेल्या पाहुण्यांनी हे इतक्या खात्रीनं सांगितलं की मला राहवलं नाही. सैंधवही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच असतं. रंग गुलाबी असला तरी रक्तदाब त्याला ओळखतो. उपवासाला खुशाल वापरा, पण औषध समजून सढळ हातानं घालू नका.

विषय निघाला सुशीवरून. पुण्याहून भाची आली होती आणि आजीला, म्हणजे माझ्या आईला, खाता येईल अशी सुशी करायचीच, असा तिचा हट्ट होता. इंद्रायणीचा भात जरा चिकट होतो, म्हणून तोच घेतला. भातात मीठ नाही, कोमट असताना थोडं व्हिनेगर आणि साखर. समुद्री शेवाळाची पानं, म्हणजे नोरी, साधी बिनमसाल्याची. आत काकडी, गाजर, भाजलेले तीळ. गुंडाळ्या मात्र आईनंच केल्या, सुरळीच्या वड्यांचा हात आहे तिचा. बुडवून खायला सोया सॉसऐवजी लिंबू, आपल्या जालन्याच्या मोसंबीचा रस आणि किसलेलं आलं.

सॉस टाळायचं कारण साधं आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम सांगते. एक मोठा चमचा सोया सॉसमध्ये साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं. दुकानात कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नये.

सुशी सगळ्यांनी एकाच ताटातून खाल्ली, आणि मला आवडलं ते हेच. एरवी आपल्याकडे डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलं की चुलीवर वेगळं पातेलं चढतं. घरातले सगळे ठेचा, पापड, लोणच्यासोबत जेवतात आणि आजारी माणसापुढे अळणी दोडका येतो. तो चार दिवस मुकाट खातो, पाचव्या दिवशी लोणच्याची बरणी शोधतो. त्याला दोष कसा द्यायचा?

आजारी बाई स्वतःच स्वयंपाक करणारी असेल तर तिच्यासाठी वेगळं पातेलंही चढत नाही. "माझ्या एकटीसाठी कुठं वेगळं करू?" म्हणत ती सगळ्यांची खारट आमटी खाते, आणि गोळीचा डोस वाढत जातो. असं मी नात्यात पाहिलं आहे, शेजारी पाहिलं आहे, आणि ते पाहून जीव तुटतो.

उपाय आपल्याच जेवणात आहे. ज्वारीच्या भाकरीत बहुतेक घरांत मीठ नसतंच. वरणात लिंबू पिळलं, फोडणीत लसूण वाढवला, भाजीवर कोथिंबीर आणि तिळाचं कूट पडलं की मीठ कमी लागतं. जीभही काही आठवड्यांत सवय करून घेते. ठेच्यावर माझंही फार प्रेम आहे. तो मी सोडा म्हणणार नाही, बोटभर घ्या म्हणेन.

घरात एकाला मीठ कमी सांगितलं, तर ते सगळ्या घराला सांगितलं असं धरा. मीठ ताटात डाव्या बाजूला वाढायची आपली पद्धत आहेच, ज्याला हवं तो वरून घेईल. पातेलं मात्र एकच चढू द्या, आणि त्यातलं पहिलं वाढप रांधणारीच्या ताटात पडू द्या.