पाच रुपयांच्या पुडीत चणे का नाहीत?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंडियाब’ पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. ‘पौष्टिक खा’ हा उपदेश त्यामुळे सर्वत्र ऐकू येतो. ते अन्न विकणार कोण, हे मात्र क्वचितच विचारले जाते.

अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात वाराणसीत बांधलेल्या घाटामागच्या गल्ल्याच पाहा. मोटार शिरणार नाही इतक्या त्या अरुंद. तेथे सुपरमार्केट येणे नाही. नावाडी असो की यात्रेकरू, भूक लागली की जवळची टपरीच गाठणार. टपरीवर लटकतात त्या वेफरच्या माळा. यात दुकानदाराला दोष देणे मला अन्यायकारक वाटते. पुडी महिनोन्‌महिने टिकते, वितरकाचा माणूस ती दारात आणून देतो. पेरू चार दिवसांत नासतो आणि तो तोटा एकट्या दुकानदाराचा.

अमेरिकेत माता-बालकांच्या सरकारी पोषण योजनेत २००९ मध्ये फळे, भाज्या व अख्खी धान्ये आली. योजनेतल्या लहान दुकानांना ती ठेवणे भाग पडले. गिऱ्हाईक ठरलेले असल्याने परवडलेही. आपल्याकडची सुरुवात याहून सोपी आहे. भाजलेले चणे आणि सत्तू हे बनारसचे जुनेच खाणे. फ्रिजविना टिकणारे, १०० ग्रॅम चण्यांत सुमारे २० ग्रॅम प्रथिने देणारे. त्यांच्या लहान पुड्या बचत गटांनी उधारीवर दुकानापर्यंत पोहोचवाव्यात आणि न खपलेल्या मालाची भरपाई महापालिकेने करावी. पेरूची पाळी त्यानंतर. त्याला आधी सावली आणि ओले गोणपाट लागेल.