पत्रक कुणासाठी?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या शाखेच्या कचेरीत एक मुलगी येऊन बसली. आमच्याच एका ट्रॅकमनची मुलगी, जनसंपर्काचा अभ्यासक्रम करणारी. अभ्यासाचा भाग म्हणून तिला दोन महिने कुठेतरी उमेदवारी करायची होती. मैत्रिणी कंपन्यांत गेल्या, ही युनियनमध्ये आली. “काका, तुम्हालाही लोकांपर्यंत पोचावंच लागतं ना?” असे तिने विचारले तेव्हा आम्ही हसलो. उमेदवारी तिची होती, पण धडे आम्हीच घेतले. ते बंधू-भगिनींपुढे ठेवतो.

पहिल्याच दिवशी तिला एक पत्रक टाइप करायला दिले. विषय ड्रायव्हर बंधूंच्या कामाच्या तासांचा. तिने विचारले, “हे कुणासाठी?” म्हटले, “प्रवाशांसाठी.” “मग यातलं एचओईआर, पीएनएम, लिंक हे प्रवाशाला कसं कळणार?” उत्तर नव्हते. आपण साहेबाशी भांडताना जी भाषा बोलतो तीच जनतेशी बोलतो. शेवटी पत्रकावर मोठ्या अक्षरांत एवढेच छापले : ‘तुम्ही रात्री गाडीत निर्धास्त झोपता. गाडी चालवणारा शेवटचा कधी झोपला, हे विचारा.’ फलाटावर लोक थांबून वाचू लागले.

दुसरा धडा मला झोंबला. मसुद्यात मी लिहिले होते की आमचे सगळे ड्रायव्हर रोज चौदा तास राबतात. तिने नोंदवही मागितली. चौदा तास भरले होते, पण काही जणांचे आणि काही दिवसांचे. मी चिडलो. इतकी वर्षे चळवळीत काढली, आता ही कालची पोर मला शिकवणार? ती शांतपणे म्हणाली, “काका, तुमचा एक आकडा खोटा निघाला की साहेब उरलेले नऊ खरे आकडेही खोटे ठरवतील.” आम्ही तारखांसह खऱ्या फेऱ्या छापल्या. त्या पत्रकातला एकही आकडा कुणाला खोडता आला नाही.

तिच्याकडूनच कळले की या धंद्याचा जन्म रेल्वेच्या अंगणातला. १९०६ साली अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेल्वेचा अपघात झाला. कंपनीचा सल्लागार आयव्ही ली याने माहिती दडवली नाही, उलट लेखी निवेदन काढून वार्ताहरांना जागेवर बोलावले. पण १९१४ साली कोलोरॅडोत लडलो येथे संपकरी खाण कामगारांच्या तंबूंवर हल्ला झाला, बायकामुले मेली, त्यानंतर हाच ली खाणमालक रॉकफेलरच्या बाजूने पत्रके काढू लागला आणि त्यातली माहिती पुढे खोटी ठरली. हत्यार तेच. ते कुणाच्या हातात आहे आणि खऱ्यासाठी चालते की खोट्यासाठी, हा प्रश्न आहे.

आपला अनुभव काय सांगतो? १९७४ चा संप ८ मे ते २७ मे चालला. जॉर्ज फर्नांडिस यांना त्याआधीच, २ मे रोजी, अटक झाली होती. आकाशवाणी सरकारच्या हातात होती, आपल्याकडे भिंत आणि चुन्याची बादली. आज ती सबब उरलेली नाही. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. तरी १७ जून २०२४ रोजी रंगापाणीजवळ कांचनजंगा एक्सप्रेसला मालगाडीने मागून धडक दिली, तेव्हा काय घडले? मालगाडीच्या मृत चालकाने सिग्नल मानला नाही, असे रेल्वे बोर्डाच्या अध्यक्षांनी त्याच दिवशी सांगून टाकले. पुढे रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या अहवालात चुकीच्या नमुन्याचा कागदी परवाना आणि अनेक पातळ्यांवरच्या त्रुटी पुढे आल्या. तोवर लोकांच्या मनात चालक दोषी ठरला होता. मेलेला माणूस खुलासा करू शकत नाही. तो आपणच करायचा, आणि त्याच दिवशी.

टपाल बंधूंना तर मी वेगळे काय सांगू? मे २०१८ मध्ये ग्रामीण डाक सेवकांनी संप केला, तेव्हा त्यांचे नसणे खेड्यापाड्यांत जाणवले, कारण त्या माणसाला गाव नावाने ओळखते. कुठल्याही कंपनीला पैसे मोजून ही ओळख विकत मिळणार नाही. ती फक्त संपाच्या दिवशी आठवू नये, एवढेच.

काही साथी म्हणतात, जनसंपर्क हे मालकांचे चोचले, आपली ताकद एकजुटीत. एकजुटीला पर्याय नाही, हे मलाही मान्य. पण फलाटावर अडकलेला प्रवासी आपल्याला शिव्या देत असेल, तर सरकारला आपल्यावर हात उगारणे सोपे जाते.

म्हणून माझी सूचना अशी. प्रत्येक शाखेने वर्तमानपत्रांशी बोलण्यासाठी एक पदाधिकारी नेमावा. १९६६ च्या आचरण नियमांमुळे साध्या कर्मचाऱ्याला मोकळेपणी बोलता येत नाही, तेव्हा हे ओझे युनियननेच उचलायचे. पत्रक त्या स्टेशनच्या भाषेत निघावे, मग ती मराठी असो, हिंदी, कन्नड की तेलुगू. नोंदवही पाहिल्याशिवाय आकडा छापू नये. आणि चूक झालीच तर आपणच आधी कबूल करावी.

जाताना त्या मुलीने आपल्या अहवालाची प्रत दिली. आमच्याविषयी तिने एकच ओळ लिहिली होती : ‘यांच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ आहे, सांगायची सवय नाही.’ बंधूंनो, ही सवय आता आपणच लावून घ्यायची आहे.